क्रियापदामागचा छोटा शब्द

(शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या एका भाषा-प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय कळल्यावर आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. इंग्रजी क्रियापदे आणि त्यांना चिकटणारे 'अप', 'ऑफ', 'आउट' यांसारखे शब्द हा विषय शाळेच्या वर्गात शोभेल; पण कारभार मराठीतून चालावा म्हणून १९६० साली भाषा संचालनालय स्थापन करणाऱ्या आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम करणाऱ्या राज्यात, सरपंचांनी आणि लिपिकांनी या व्याकरणाचे काय करावयाचे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. माझे उत्तर इतकेच की, आपण मराठीत जे लिहितो त्यातील बराच भाग आपल्याकडे इंग्रजीतून येतो. केंद्र शासनाची पत्रे, न्यायालयांचे निर्णय, पंपाबरोबर आलेली माहितीपुस्तिका, बँकेचे करारपत्र हे सारे कोणीतरी मराठीत आणतो आणि मग ते गावात पोहोचते. वाटेत एखादा छोटा शब्द गळून पडला तर काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. तो शब्द माझ्याच हातून गळून पडला होता.

गोष्ट २००६ सालची आहे. मी कला शाखेचा, मराठी वाङ्मयाचा पदवीधर. माहितीच्या कामावर नुकताच रुजू झालो होतो. एका तालुक्याच्या गावी सोमवारी नेत्रतपासणी शिबिर व्हावयाचे होते आणि तशी बातमी आम्ही आठवडाभर आधी वृत्तपत्रांना दिली होती. शनिवारी सायंकाळी फॅक्सवर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा शेवट असा होता : 'हॅज बीन पुट ऑफ टू थर्सडे'. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'थर्सडे' म्हणजे गुरुवार. मी तत्परतेने बातमी केली की, 'नेत्रतपासणी शिबिर गुरुवारी ठेवण्यात आले आहे.' वाक्य शुद्ध होते, त्यात एकही असत्य शब्द नव्हता; शिबिर खरोखरच गुरुवारी ठेवलेले होते. रविवारी ती बातमी छापून आली.

सोमवारी सकाळी लोक आले. आधीची बातमी त्यांनी वाचली होती, नवी बातमीही काहींनी वाचली होती. पण नव्या बातमीत सोमवारचे शिबिर होणार नाही, असे कोठेच म्हटलेले नव्हते. गुरुवारी आणखी एक शिबिर आहे, असा अर्थ त्यांनी लावला, आणि माझ्या वाक्याचा दुसरा अर्थ लावणे शक्यही नव्हते. दुपारी मला तेथे पाठविण्यात आले. रुग्णालयाच्या आवारात कडुनिंबाखाली म्हातारी माणसे बसून होती. एक आजी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून वाडीवरून आदल्या संध्याकाळच्या एस.टी.ने आल्या होत्या आणि रात्र त्यांनी स्थानकावर काढली होती. डॉक्टर कधी येणार, असे त्यांनी मला विचारले. गुरुवारी, असे मी सांगितले. 'मग आज कशाला बोलावलंत?' एवढेच त्या म्हणाल्या.

कार्यालयात परतल्यावर वरिष्ठांनी फॅक्स आणि माझा मसुदा शेजारी शेजारी ठेवले. ते रागावले नाहीत. पेन्सिलीचे टोक 'पुट ऑफ' या शब्दांवर ठेवून त्यांनी विचारले, 'यातला ऑफ कुठे गेला?' माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'ऑफ' मला दिसलाच नव्हता. 'पुट' हा मोठा शब्द, काम त्याचे. 'ऑफ' त्याच्या मागे उभा असलेला कोणीतरी, अशी माझी समजूत होती. वास्तविक त्या ओळीतील सारी बातमी 'ऑफ'मध्ये होती.

इंग्रजीत अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. आपण सोयीसाठी जोडक्रियापद म्हणू. 'पुट', 'गेट', 'टेक', 'सेट', 'लुक', 'होल्ड' यांसारखे अगदी रोजच्या वापरातले क्रियापद घ्यावयाचे, त्याच्यामागे 'अप', 'डाउन', 'इन', 'आउट', 'ऑन', 'ऑफ', 'ओव्हर' यांपैकी एखादे अव्यय ठेवावयाचे, की तिसराच अर्थ उभा राहतो. परक्यांना ही गोष्ट जड जाते, ही तक्रार आपलीच आहे असे नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला विख्यात कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी कबूल केले होते की, इंग्रजी शिकणाऱ्या परदेशीयांना सर्वांत अधिक अडचण येते ती येथे. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच अलीकडचे. लोगन पीअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली आपल्या ग्रंथात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचविले असल्याचे नमूद केले. म्हणजे गोष्ट शेकडो वर्षे तोंडी होती आणि तिचे बारसे विसाव्या शतकात झाले.

आता 'पुट' याच क्रियापदाचा संसार पाहू. त्याची रूपेही बदलत नाहीत. वर्तमानात 'पुट', भूतकाळात 'पुट'. एकट्याचा अर्थ ठेवणे. पण 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, आणि वजनाच्या बाबतीत वाढविणे. 'पुट आउट' म्हणजे आग किंवा दिवा विझविणे. तोच 'पुट आउट' पत्रकाच्या संदर्भात आला तर पत्रक प्रसृत करणे. 'पुट अवे' म्हणजे आवरून जागच्या जागी ठेवणे. 'पुट बाय' म्हणजे अडीअडचणीसाठी पैसा गाठीला बांधणे. 'पुट फॉरवर्ड' म्हणजे सूचना मांडणे. 'पुट थ्रू' म्हणजे दूरध्वनी जोडून देणे. 'पुट डाउन' तर बहुरूपी आहे : हातातली वस्तू खाली ठेवणे, कागदावर नोंद करणे, बंड मोडून काढणे, चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करणे, आणि पशुवैद्यकाच्या अहवालात असाध्य आजारी जनावराला दयेपोटी मरण देणे. पशुसंवर्धनाच्या इंग्रजी अहवालात 'बैल पुट डाउन केला' असे वाचून कोणी 'बैल खाली बसविला' असे लिहिले, तर नुकसानभरपाईच्या प्रकरणाचे काय होईल, याची कल्पना आपण करू शकता.

आणि 'पुट अप'. हा शब्द तर आपल्या कार्यालयांचा मानकरी. भिंतीवर फलक लावणे, तंबू उभारणे, पाहुण्याची रात्रीपुरती सोय करणे, निवडणुकीला उमेदवार उभा करणे हे सारे 'पुट अप'. पण सरकारी कचेरीत 'पुट अप' म्हणजे फाइल वरिष्ठांपुढे सादर करणे. इंग्रजी राजवटीत हा शब्द टिपणीच्या कागदावर बसला तो बसलाच. मराठीत आपण 'सादर' लिहितो, तोंडाने मात्र अजूनही 'फाइल पुटअप केली का?' असेच विचारतो. याच 'पुट अप'मागे 'विथ' आला, की अर्थ होतो निमूटपणे सहन करणे. फाइल पुट अप करणारा लिपिक तीवर शेरे मारणाऱ्या साहेबाला पुट अप विथ करीत असतो, असे आमचे एक जुने सहकारी म्हणत. त्यांचे नाव सांगत नाही. ते निवृत्त झाले असले तरी साहेब अद्याप सेवेत आहेत.

हे सारे पाठ कसे करावयाचे, असा धसका घेण्याचे कारण नाही. असा प्रकार आपल्या भाषेत नाही, अशी समजूत करून घेतल्यामुळे तो अवघड वाटतो. संस्कृतातला 'हृ' धातू घ्या. त्याच्या आधी उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द झाले. जेवण, फिरणे, मारणे, नाश करणे आणि दूर सारणे : पाचांचा एकमेकांशी संबंध काय? तरीही आपण ते गोंधळ न करता वापरतो. 'अधिकार' आणि 'उपकार' एकाच धातूपासून झाले, म्हणून कोणी अधिकारी दोहोंत फरक करीत नाही, असे होत नाही. (क्वचित होते, तो भाषणाचा विषय नव्हे.) फरक इतकाच की, संस्कृतात उपसर्ग पुढे चिकटतो, इंग्रजीत अव्यय मागे आणि मोकळे राहते. वैदिक भाषेत तर उपसर्गही क्रियापदापासून सुटा, मध्ये इतर शब्द ठेवून येत असे.

मराठीत आणखी जवळचे उदाहरण आहे. कचेरीत आलेल्या अर्जदाराला आपण म्हणतो, 'अर्ज भरून टाका', 'अर्ज भरून ठेवा', 'अर्ज भरून द्या', 'अर्ज भरून घ्या'. क्रियापद एकच, भरणे. पण पहिल्यात काम एकदाचे उरकण्याचा भाव आहे. दुसऱ्यात पुढे लागेल म्हणून तयारी आहे. तिसऱ्यात अर्ज भरून कोणाच्या तरी हाती सोपवावयाचा आहे. आणि चौथे वाक्य बहुधा अर्जदाराला नव्हे, तर खिडकीतल्या कर्मचाऱ्याला उद्देशून आहे. इंग्रजी माणसाला हे समजावून सांगताना आपली जी तारांबळ उडेल, तीच 'पुट अप' समजावून सांगताना त्याची उडते. 'दिवा लावा' म्हणजे पेटवा आणि 'दार लावा' म्हणजे बंद करा, हे त्याला कोणत्या तर्काने पटावे? आणि सातबाऱ्यावर नाव 'लावणे' म्हणजे काय, हे तर आपल्याच शहरातल्या मुलांना सांगावे लागते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली. 'लावणे', 'घालणे', 'काढणे' असल्या क्रियापदांपुढे बसताना त्या कोशकारांना किती दिवे जाळावे लागले असतील, याचा विचार आला की मला 'पुट'ची भीती वाटेनाशी होते.

या मागच्या शब्दांनाही काही स्वभाव आहेत आणि ते ओळखले की निम्मे काम होते. 'अप' म्हणजे वर, हे खरे. पण क्रियापदामागे आला की तो पुष्कळदा आपल्या 'टाकणे'चे काम करतो. 'ईट अप' खाऊन टाक, 'यूज अप' वापरून संपव, 'क्लीन अप' स्वच्छ करून टाक. येथे वर जाण्याचा काही संबंध नाही, क्रिया पुरी होण्याचा आहे. 'ऑफ'मध्ये तुटण्याचा, दूर जाण्याचा, थांबण्याचा भाव असतो. म्हणून 'पुट ऑफ' म्हणजे ठरल्या दिवसापासून दूर सारणे. 'ओव्हर'मध्ये एका हातातून दुसऱ्या हातात जाणे असते. 'हँड ओव्हर', 'टेक ओव्हर' म्हणजे कार्यभार सोपविणे आणि स्वीकारणे. मात्र स्वभावावर फार विसंबूनही चालत नाही. दिवा 'गोज ऑफ' म्हणजे बंद होतो. गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजू लागतो. धरणाच्या किंवा कारखान्याच्या अहवालात भोंगा 'वेंट ऑफ' असे आले आणि आपण 'भोंगा बंद पडला' असे लिहिले, तर धोक्याची सूचना वेळेवर देणाऱ्या पहारेकऱ्यावर उलट कारवाई व्हावयाची.

त्याहून कपटी प्रकार म्हणजे अव्यय मागे न येता पुढे चिकटल्यास अर्थ फिरणे. 'लुक ओव्हर' म्हणजे नजरेखालून घालणे. 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणे किंवा काणाडोळा करणे. लेखापरीक्षक हिशेब पहिल्या प्रकारे पाहतो, अशी अपेक्षा असते. 'सेट अप' म्हणजे उभारणे, 'अपसेट' म्हणजे उलथणे. आणि आपल्या सर्वांच्या कामाचा शब्द : 'होल्ड अप' आणि 'अपहोल्ड'. अपिलात आदेश 'हेल्ड अप' झाला म्हणजे तो अडकून पडला. आदेश 'अपहेल्ड' झाला म्हणजे तो कायम झाला. अतिक्रमण काढण्याचा आदेश अडकला आहे की कायम झाला आहे, यावर एखाद्याचे घर उभे राहावयाचे की पडावयाचे, हे ठरते. अक्षरे तीच, केवळ जागा बदललेली. अशा ठिकाणी घाईने डोळा फिरवू नये. शंका आली तर मूळ कागद पुन्हा मागवावा. त्यात कमीपणा नाही.

शिक्षकांसाठी वाक्यरचनेबद्दल थोडे सांगतो, कारण मुलांच्या चुका येथेच होतात. 'पुट ऑफ द मीटिंग' असेही चालते आणि 'पुट द मीटिंग ऑफ' असेही चालते. पण सभेऐवजी 'इट' हे सर्वनाम आले, की ते मध्येच बसले पाहिजे : 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' असे इंग्रज माणूस कधी म्हणणार नाही. उलट 'लुक इनटू' यातील 'इनटू' आपले कर्म मागेच घेतो. 'लुक इनटू इट' असेच म्हणावे लागते. कानाला ओळखू येणारी एक खूण आहे. 'पुट इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर येतो; 'लुक अ‍ॅट इट' म्हणताना जोर 'लुक'वर राहतो आणि 'अ‍ॅट' घाईत निघून जातो. ज्या छोट्या शब्दावर बोलणारा जोर देतो, तो क्रियापदाचा भागीदार आहे असे समजावे. मुलांना हे नियम म्हणून सांगण्यापेक्षा दहा वाक्ये मोठ्याने म्हणवून घेतली तर अधिक लवकर बसते.

'लुक इनटू'वरून आठवले. लोकप्रतिनिधींच्या इंग्रजी पत्रात हे शब्द हमखास असतात. एका नवशिक्याने त्याचे 'प्रकरणाच्या आत पहावे' असे भाषांतर केलेले मी पाहिले आहे. मराठीने त्यासाठी 'लक्ष घालावे' हा सुंदर प्रयोग केव्हाच तयार ठेवला आहे. 'वॉक आउट'ला विधिमंडळाच्या वृत्तांतात 'सभात्याग' म्हटले जाते आणि 'फॉलो अप'ला 'पाठपुरावा'. यांत 'आउट' आणि 'अप' शोधू गेल्यास सापडणार नाहीत. पण त्यांचा अर्थ पुरेपूर उतरला आहे. भाषांतर करावयाचे ते जोडीचे, जोडीतल्या एकेका शब्दाचे नव्हे. सभात्याग हा शब्द ज्या कोणी प्रथम योजला असेल, त्याला 'चालत बाहेर' असे लिहिण्याचा मोह झाला नाही, हे आपले भाग्य.

कोठे कोठे मात्र आपली मराठीही घसरली आहे. इंग्रजीत 'लॉक' या एका क्रियापदाला तीन छोटे शब्द लागले आणि तीन खाती झाली म्हणा ना. 'लॉकअप' पोलिसांचे, त्याला कोठडी म्हणतात. 'लॉकआउट' कामगार खात्याचे. मालकाने कामगारांना कारखान्याबाहेर ठेवणे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात त्याची व्याख्या होती आणि मराठीत त्याला टाळेबंदी हा शब्द रूढ होता. पुढे २०२० साली करोनाच्या साथीत 'लॉकडाउन' आले, म्हणजे लोकांनी घरातच राहणे. त्यालाही आपण टाळेबंदीच म्हटले. एकात माणसे दाराबाहेर, दुसऱ्यात माणसे दाराआत. मराठीत दोहोंना एकच कुलूप. त्या दिवसांत घाईच अशी होती की, कोणाला दोष देता येणार नाही. मीही शेकडो वेळा टाळेबंदी लिहिले. पण उद्या कोणी जुनी कागदपत्रे चाळताना 'कारखान्यातील टाळेबंदी' वाचील, तेव्हा ती मालकाने केली होती की साथीमुळे झाली होती, हे त्याला वर्ष पाहूनच ठरवावे लागेल.

आता एक प्रश्न साहजिक आहे. इंग्रजीत 'पोस्टपोन' असा सरळ शब्द असताना 'पुट ऑफ' कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. दरबार, न्यायालय आणि कारभार यांत फ्रेंच भाषा आली, लॅटिन तर विद्वानांची होतीच. सामान्य शेतकरी आपली जुनी इंग्रजी बोलत राहिला. त्यामुळे एकाच गोष्टीला इंग्रजीत पुष्कळदा दोन शब्द सापडतात, एक घरचा आणि एक कचेरीतला. गंमत अशी की, कचेरीतल्या शब्दाचे पोट उघडून पाहिले तर आत घरचाच शब्द निघतो. 'पोस्टपोन' हा लॅटिन शब्द; त्यात 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. शब्दशः 'नंतर ठेवणे'. म्हणजे रोमन माणसानेही ठेवण्याच्या क्रियापदाला एक छोटा शब्द जोडूनच काम भागविले होते.

मराठीतही तेच आहे. घरात लग्न 'पुढे ढकलले' जाते, कचेरीत कार्यवाही 'स्थगित' होते आणि पंचायतीत सभा 'तहकूब' होते. हे तीन शब्द एकच नव्हेत, हे येथील सदस्यांना मी सांगावयास नको. भरलेली सभा गणपूर्तीअभावी किंवा वेळेअभावी थांबली तर ती तहकूब. भरण्यापूर्वीच दुसऱ्या दिवसावर गेली तर ती पुढे ढकललेली. इंग्रजी पत्रात 'पुट ऑफ' असेल तर इतिवृत्तात तहकूब लिहू नये. शासन व्यवहार कोश हाताशी असावाच. पण असल्या फरकाचा निवाडा कोश एकटा करीत नाही, सभा भरली होती की नाही हे आपल्याला ठाऊक असावे लागते.

येथे आपल्या लोकांची एक वेगळीच पंचाईत होते. इंग्रजी आपण पुस्तकातून शिकतो; म्हणून 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' हे जड शब्द आपल्याला सोपे आणि 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'पुट आउट' हे पोरासोरांचे शब्द अवघड. परदेशी शिकावयास गेलेली आपली मुले सांगतात की, प्राध्यापकांचे व्याख्यान समजते, पण घरमालकिणीचे बोलणे समजत नाही. समोरचा माणूस आपल्यावर दया करून सोपे बोलू लागला की आपली अडचण वाढते. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून राज्यातील शाळांत ते पहिलीपासून आले. लहान मुलांच्या कानावर 'गेट अप', 'सिट डाउन', 'पुट ऑन', 'टेक ऑफ' लवकर पडू लागले, हा त्या निर्णयाचा एक चांगला परिणाम मी मानतो. बाकीच्या परिणामांबद्दल शिक्षकांनी बोलावे.

मला आठवते, आमच्या शाळेत 'पुट'ची वीस रूपे फळ्यावर अर्थासह लिहून दिली जात आणि ती पाठ म्हणवून घेतली जात. परीक्षेत सोळा बरोबर आली होती. 'पुट ऑफ' त्या सोळांत होते. तरीही फॅक्सवरच्या ओळीत ते मला दिसले नाही, कारण यादीत पाहिलेला शब्द वाक्यात भेटला की ओळखीचा वाटत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटले. ती पद्धत आज जुनाट वाटते. पण तिच्यात शब्द वाक्यातच भेटत असे आणि मराठी वाक्य शेजारी उभे असे, हा तिचा गुण विसरू नये. वीस अर्थांची यादी देण्याऐवजी एक प्रसंग द्यावा. पावसामुळे सहल पुढे गेली, मुलांनी रेनकोट घातले, चूल विझवली, डबे आवरून ठेवले. एवढ्यात 'पुट' चार वेळा येऊन जाते आणि प्रत्येक वेळी निराळ्या सोबत्याबरोबर. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांकडून तोच प्रसंग मराठीत लिहवून घ्यावा आणि त्यात 'ठेवणे' किती वेळा आले ते मोजावे. एकदाच आले तर धडा समजला.

कार्यालयातील मित्रांना एक सवय सुचवितो; त्या सोमवारनंतर मी ती लावून घेतली. इंग्रजी मजकूर समोर आला की प्रथम क्रियापद शोधतो आणि त्याच्या आजूबाजूचे दोन-तीन शब्द पेन्सिलीने एकत्र बांधतो. मागचा छोटा शब्द कधी लगेच असतो, कधी चार शब्द ओलांडून दूर असतो. 'पुट' ओळीच्या आरंभी आणि 'ऑफ' टोकाला, असेही होते. मग मराठी वाक्य करून झाल्यावर उलट तपासतो : माझ्या वाक्यात त्या छोट्या शब्दाचा हिशेब लागला का? आणि तारीख बदलल्याची सूचना असेल तर एका वाक्यावर भागवत नाही. त्या दिवशी वरिष्ठांनी माझ्या मसुद्यावर जी दुरुस्ती केली, ती आजही तशीच वापरतो. त्यांनी लिहिले होते : 'सोमवारी होणारे शिबिर आता सोमवारी होणार नाही. ते गुरुवारी होईल.' भाषेच्या दृष्टीने द्विरुक्ती आहे. गुरुवारी शिबिराच्या ठिकाणी मी पुन्हा गेलो होतो. नातू आणि आजी रांगेत दिसल्या नाहीत. नंतर आल्या असतील, किंवा दुसऱ्या ठिकाणी गेल्या असतील. मला कळले नाही.

ग्रामपंचायतीत संगणक आल्यापासून या जोडक्रियापदांची नवी खेप गावात उतरली आहे. 'लॉग इन', 'लॉग आउट', 'साइन अप', 'बॅकअप', 'शट डाउन' हे सगळे त्याच कुळातले. २०१६ साली 'स्टार्टअप' आणि 'स्टँडअप' या नावांच्या योजना आल्या, त्याही याच घराण्यातल्या. हे शब्द आता मराठीत राहावयास आले आहेत आणि त्यांना हाकलून देण्याचा आग्रह मी धरणार नाही. 'पिकअप'मधून भाजी बाजारात जाते, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पण खिडकीवर 'लॉग आउट झाले आहे, नंतर या' असे नागरिकाला सांगण्याऐवजी 'यंत्रणा बंद झाली आहे, अर्ध्या तासाने सुरू होईल' असे सांगितले तर तो अर्धा तास थांबेल की घरी जाईल, हे त्याला ठरविता येते.

भाषणापूर्वी एका शिक्षिका भगिनींनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, अर्ज भरण्याला 'फिल इन' म्हणावे, 'फिल आउट' म्हणावे की 'फिल अप'? ब्रिटनमध्ये सामान्यतः 'फिल इन' म्हणतात, अमेरिकेत 'फिल आउट', आणि आपल्या देशात 'फिल अप' बरेच चालते. ब्रिटिश माणूस 'फिल अप' पेट्रोलच्या टाकीला म्हणतो. मुलांना 'फिल इन' शिकवावे. 'फिल आउट' वाचले तर दचकू नये, असेही सांगावे. अर्जात मात्र मराठीत 'भरावे' एवढेच पुरे. आणखी चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या चहानंतर घेऊ.